जेट, जेट पंप आणि इजेक्टर : एकच का येगळं?

प्रश्न असा आलाय की दुकानात 'जेट पंप द्या' म्हणलं तर एक जण गाड्या धुवायचं मशीन दाखवतो, दुसरा बोरचा पंप, आणि पुस्तकात इजेक्टर लिहिलेलं असतंय, मग नेमका जेट पंप कशाला म्हणायचा, अन् त्याला मराठी शब्द काय.

आधी दुकानाचं. वॉशिंग सेंटरवाला 'जेट मारतो' ते प्रेशर वॉशर. त्यात साधा पिस्टनचा पंप पाणी दाबून बारीक तोंडातून सोडतो, झोत बाहेर पडला की काम संपलं. संडासातला जेट बी तसलाच. खऱ्या जेट पंपात झोत हे काम नसून अवजार हाय, त्या झोतानं दुसरं पाणी ओढून आणायचं असतंय. आपल्याकडं बोरवरच्या कॉम्प्रेसरला पण काहीजण जेटच म्हणायलेत, पण तिथं खाली हवा सोडून पाण्याला बुडबुड्यांनी हलकं करतेत आणि ते वर येतंय. तिथं ना नोझल (झोत सोडणारं बारीक तोंड) ना ओढ, म्हणून तो जेट नव्हं.

बोरचा जेट असा चालतो. मोटर वर, खाली दोन पाइप. एका पाइपातून वरचंच थोडं पाणी जोरात खाली पाठवायचं, ते तळाशी बारीक नोझलमधून सुटलं की वेग वाढतो, दाब पडतो, आजूबाजूचं पाणी आत खेचलं जातं आणि दोन्ही मिळून पुढं रुंद होत जाणाऱ्या नळीत वेगाचा परत दाब होऊन दुसऱ्या पाइपानं वर येतेत. एवढी खटपट कशाला, तर वरनं नुसतं शोषून पाणी हिशोबानं 10.3 मीटर आणि खऱ्यात 7-8 मीटरच्या वर येतच नाही, हवेचा दाबच तेवढा हाय. मात्र तेच पाणी फिरवत बसायचं म्हणजे वीज लई खातंय, आणि आपल्याकडचे बोर गेलेत कुठच्या कुठं खाली, त्यामुळं बोरात पाण्यात बुडवून ठेवायची सबमर्सिबल मोटर आली अन् जेट मागं पडला. पण जेटमध्ये खाली फिरणारं काही नसल्यामुळं बिघाड कमी, हे मात्र कबूल करावं लागंल.

आता नाव. जेट पंप आणि इजेक्टर हे तत्त्वानं एकच. पाण्यानं पाणी ओढलं तर जेट पंप म्हणतेत, वाफेनं किंवा हवेनं हवा ओढून व्हॅक्यूम (पोकळी) करायचा असला की इजेक्टर. बाहेर न काढता आत घालायचं असंल तर इंजेक्टर. तिन्ही शब्द लॅटिनमधल्या 'फेकणे' या एकाच धातूचे हायत, बाहेर फेक, आत फेक आणि नुसती फेक! मनमाड-औरंगाबाद-परभणी मीटरगेजवर कोळशाची इंजिनं होती तेव्हा इंजेक्टर वाफेच्या जोरावर बॉयलरात पाणी भरायचा (ही युक्ती फ्रान्सच्या जिफारची, 1858 ची) आणि असल्या इंजिनांवर व्हॅक्यूम ब्रेकसाठी हवा काढायला इजेक्टर. एकाच इंजिनावर दोघं भाऊ.

गंमत साखर कारखान्यात हाय. रस कमी तापमानाला उकळावा, जळू नये म्हणून पॅनमध्ये (रस उकळायच्या बंद भांड्यात) व्हॅक्यूम लागतो, तो बऱ्याच ठिकाणी मल्टिजेट कंडेन्सर करतो, म्हणजे पाण्याचे झोत वाफ थंड बी करतेत आणि हवा बी ओढून नेतेत. काम अगदी इजेक्टरचं. पण त्याला पाणी देणाऱ्या पंपाला कारखान्यात 'इंजेक्शन पंप' म्हणतेत, मग नवीन पोरगं दोन दिवस गोंधळतंय.

घरात बघायचं असंल तर गॅसची शेगडी बघा. जेटमधून गॅस सुटतो आणि बर्नरच्या नळीत स्वतःसोबत हवा ओढून घेतो, हा इजेक्टरच. ड्रिपवर खत सोडायची व्हेंचुरी बी तीच, तिला शेतकरी व्हेंचुरीच म्हणतो आणि बरोबर म्हणतो, इटलीच्या व्हेंचुरीनं 1797 मध्ये नळी अरुंद झाली की दाब कसा पडतो ते मांडलं.

मराठी शब्दाचं म्हणाल तर जेटला 'झोत' चांगला, 'झोतपंप' ऐकायला बी बरा. पण दुकानात झोतपंप मागितला तर कुणी देणार नाही. लेखात एकदा 'झोतानं ओढणारा पंप' असं उलगडून लिहावं आणि पुढं जेट पंपच ठेवावा. इजेक्टरचं मराठीकरण करायच्या फंदात पडू नका, 'उत्सर्जक' म्हणलं की वाचणाऱ्याला धूर सोडणारं काहीतरी वाटंल. आणि दुकानात 'बोरचा दोन पाइपाचा जेट' म्हणा, म्हणजे गाड्या धुवायचं मशीन पुढं येणार नाही.