एमआरआय नॉर्मल, तरी पायाला मुंग्या येतात. आता काय करू?

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. माझ्या आईच्या पायातून चालता चालता चप्पल निसटायची आणि तिला कळायचंही नाही. एमआरआय स्वच्छ! शेवटी रक्तात व्हिटॅमिन बी१२ फारच कमी निघालं. आम्ही सगळे शाकाहारी, म्हणजे ते कमी असण्याची शक्यता जास्तच, तरी आधी कुणी तपासलंच नव्हतं. तुमचं बी१२, साखर, थायरॉइड झालंय का? एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) तपासणीत जाड नसांचंच कळतं, बारीक नसांचा बिघाड सुटू शकतो. न्यूरॉलॉजिस्टना हे आवर्जून विचारा. मुंग्या कधी येतात, किती वेळ राहतात, ते वहीत लिहून न्या. झटके येत असतील तर घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगा. अचानक एक बाजू लुळी पडली किंवा लघवी अडली, तर मात्र तडक हॉस्पिटल गाठा.