न्यू जर्सीला येणाऱ्या बालकवयित्रीला, हॅलोविनच्या पुस्तकाबद्दल

तुझा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत नवऱ्याबरोबर सांगलीहून न्यू जर्सीला येते आहेस, एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर. मराठीत मुलांच्या कवितांची दोन पुस्तकं झाली आहेत. हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, इथली मुलं भुताखेतांच्या वेशात दारोदार खाऊ मागत फिरतात; भाचीचे तसे फोटो पाहिल्यापासून तिथल्या मुलांसाठी त्या सणावर चित्रपुस्तक काढायचं मनात आहे. आपल्याच भुताखेतांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद करून प्रकाशकांना पाठवला तर चालेल का, आणि साधारण किती दिवस लागतील? तू मला ताई म्हटलंस, तेव्हा अगंतुगंच करते.

मला बारा वर्षं लागली. २०११ च्या ऑगस्टमध्ये इथे आले आणि पुस्तक २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं. तुला इतकी लागू नयेत म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे.

आधी व्हिसाचं, कारण त्यात चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. एच-४ वर नोकरी चालत नाही हे तुला माहीत असेलच, पण स्वतःचं काम करून पैसे मिळवणंही त्यातच येतं. लिहायला, शिकायला, लायब्ररीत मुलांना वाचून दाखवायला कुणाची आडकाठी नाही. अडचण येते ती करारावर सही करून मानधन घेताना. कामाचा परवाना, ज्याला इथे सगळे ईएडी म्हणतात, एच-४ वाल्यांना २०१५ पासून मिळू लागला, पण सरसकट नाही. नवऱ्याची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी बहुधा कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर झालेली असावी लागते किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलेला असावा लागतो. मला तो २०१६ मध्ये मिळाला. तोवर मी लिखाणाचा एक डॉलरही घेतला नाही. नियम बदलत असतात, म्हणून करार समोर आला की आधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखव. ओळखीपाळखीच्या सल्ल्यावर हा निर्णय घेऊ नकोस.

तो सुरुवातीचा काळ वाया जाईल असं मात्र समजू नकोस. मला इंग्रजीतली लय कळायला तेवढी वर्षं लागलीच असती.

अनुवाद करू नकोस. हे मी अगदी कळकळीनं सांगते, कारण मी तेच केलं होतं. ‘किशोर’मध्ये छापून आलेल्या माझ्या चार कविता मी स्वतः इंग्रजीत आणल्या, यमकं जुळवली आणि २०१४ मध्ये एकामागून एक अठ्ठावीस प्रकाशकांना पाठवल्या. तिघांनी छापील नकार पाठवला, बाकीच्यांकडून काहीच आलं नाही. इथे बहुतेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलंच असतं की अमुक महिन्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा. का नाकारलं हे कुणी सांगत नाही. मला ते दोन वर्षांनी कळलं.

आपल्या कानाला मात्रांची सवय असते. आठ मात्रांचं आवर्तन एकदा अंगात भिनलं की ओळ आपोआप तालात पडते, आणि एखादी मात्रा कमी पडलीच तर म्हणताना आपण ऱ्हस्व ओढून घेतो. मूलही तसंच ओढून म्हणतं. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे शब्दातलं कुठलं अक्षर जोरात उच्चारायचं हे ठरलेलं असतं आणि ओळीचा ठेका त्या आघातांवर चालतो. ‘पम्किन’चा जोर ‘पम्’वर. तो ‘किन’वर पडेल अशी ओळ लिहिलीस तर वाचणारी आई तिथेच अडखळणार. ‘हॅलोविन’ आणखी अवघड. एकटा असताना त्याचा मुख्य जोर शेवटच्या ‘वीन’वर असतो, पण पुढे ‘नाइट’ आलं की तो सरकून पहिल्या ‘हॅ’वर येतो. हे मला कुणी शिकवलं नाही. लायब्ररीच्या गोष्टींच्या तासाला मागच्या रांगेत बसून, वाचणाऱ्या बाईंच्या तोंडाकडे बघत मी ते वहीत टिपलं.

यमकांचंही तसंच. मराठीत क्रियापद शेवटी येतं. येतो, घेतो, देतो अशी यमकं दाराशी उभीच असतात. शिवाय शब्दांची जागा हवी तशी बदलता येते, ‘आला ससा’ म्हण किंवा ‘ससा आला’ म्हण. इंग्रजीत यमकासाठी शब्द पुढेमागे केले की वाक्य कृत्रिम होतं, आणि संपादकाला ते पहिल्या कडव्यातच दिसतं. ‘पम्किन’ला जुळणारा धड एकच शब्द आहे, त्याचा अर्थ गावंढळ माणूस, आणि तो तू मुलांच्या पुस्तकात घालणार नाहीस. ‘नाइट’ला ‘फ्राइट’ तर इतक्यांनी जोडलंय की वाचणाऱ्याला ते आधीच ऐकू येतं. आणि आपले भारतीय उच्चारही आड येतात. मी ‘डेज’ला (दिवस) ‘सेज’ (म्हणतो) जोडलं होतं. आपल्या तोंडी दोन्ही सारखेच. अमेरिकन माणसाच्या तोंडी पहिल्यातला ए लांब आणि दुसऱ्यातला आखूड, म्हणजे यमकच नाही. म्हणून तुझी कविता तू स्वतः वाचून तपासू नकोस. ती कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात दे, मोठ्यानं वाचायला सांग आणि तो कुठे अडखळतो तिथे खूण कर. त्याला काही समजावून सांगायचं नाही. पुस्तक विकत घेणाऱ्या आईच्या शेजारी तू बसलेली नसणार.

असा माणूस कुठे भेटणार? एससीबीडब्ल्यूआय नावाची मुलांसाठी लिहिणाऱ्या-चितारणाऱ्यांची संस्था आहे, १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली. आपलं ‘किशोर’ही त्याच वर्षीचं, हे कळलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला होता. तिच्या प्रादेशिक शाखा आहेत आणि एकमेकांचं लिखाण वाचणारे छोटे गट असतात. आमचा गट पाच जणींचा, दर मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीत भेटतो. माझी खरी शाळा तीच.

त्याच गटानं मला माझी गोष्ट सापडवून दिली. इथल्या चेटकिणी आणि सांगाडे मी इमानेइतबारे लिहीत होते, आणि ते सगळं उसनं वाटत होतं. एका मंगळवारी कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे भोपळ्याची काय गोष्ट आहे? मी सांगितलं, म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, प्रत्येक जण म्हणतो तुला खातो. ती म्हणते, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा. आणि येताना भोपळ्यात बसून येते. चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. सगळ्या गप्प झाल्या. मग त्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, अगं, ही तर हॅलोविनचीच गोष्ट आहे. रस्त्यावर खायला मागणारी भुतं, आणि त्यांना खाऊचं आश्वासन देणारी आजी!

मला ते आठ वर्षं दिसलं नव्हतं. भोपळा इथला समजून मी त्याच्याकडे परक्यासारखी बघत होते. खरं तर तो या सणातही नंतर आलेला. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत असत. तिथली माणसं अमेरिकेत आली, त्यांना इथे मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि त्यांनी तो घेतला. परक्या मुलखात आलेल्या माणसांनी हाताला लागलं त्यातून आपला सण पुन्हा उभा केला. मग माझ्या आजीनं त्याच भोपळ्यात बसून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गल्लीतून यावं, यात उपरं काय आहे?

अशा गोष्टी बंगालीतही आहेत, फारसीतही आहेत आणि इंग्रजीत पुस्तकरूपात आलेल्या आहेत. संपादक पहिला प्रश्न हाच विचारतात की तुझं वेगळं काय. माझं उत्तर होतं, माझी आजी जंगलात नाही, ३१ ऑक्टोबरच्या रात्री पहिल्यांदाच लेकीच्या दारात उभी आहे, आणि वाघ-कोल्हे ही शेजारची पोरं आहेत. तुला तुझं उत्तर शोधावं लागेल. भोंडला आहे, खिरापत ओळखणं आहे, कोकणातलं शिमग्याचं पोस्त मागणं आहे. दारोदार जाऊन गाणं म्हणून काहीतरी मागणाऱ्या मुलांची आपल्याकडे वाण नाही. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. त्या दिवशी सकाळी अभ्यंगस्नान करून संध्याकाळी सांगाड्याच्या वेशात फिरणारी मुलं आमच्या गल्लीत होती. त्यावर कुणीतरी लिहायला हवं.

आता कारागिरी. चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचं असतं. छपाईच्या मोठ्या कागदाच्या घड्या तशा पडतात म्हणून ते ठरून गेलंय. त्यातली नावाची, हक्कांची पानं वजा केली की तुझ्या हातात समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात. शब्द पाचशेच्या आत ठेव. माझे तीनशे दहा आहेत. आठ कोरे कागद घे, मधोमध दुमडून एकात एक घाल, झाली बत्तीस पानं. त्यात मजकूर कापून चिकटव. पान उलटताना काय होतं ते तेव्हाच कळतं. ‘दार उघडलं, आणि’ इथे पान संपायला हवं. हे मी संगणकावर वर्षभर करत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं.

चित्रकार तू शोधायचा नाहीस. आपल्याकडे ओळखीच्या चित्रकाराला घेऊन प्रकाशकाकडे जाण्याची पद्धत आहे, इथे ते उलट अंगाशी येतं. चित्रकार प्रकाशक निवडतो आणि लेखिकेची त्याच्याशी बहुधा भेटही होत नाही. माझ्या आजीचं नऊवारी पहिल्या रेखाटनात पाचवारीसारखं दिसत होतं. मी संपादिकेमार्फत काष्ट्याचे फोटो पाठवले आणि पुढच्या खेपेला ते सुधारून आलं. त्या चित्रकारानं जो मान ठेवून ते काम केलं त्याचं मला फार कौतुक आहे. ‘टुणूक टुणूक’च्या जागी ‘बंपिटी बंप’ करू या का, असंही विचारणं झालं. मी हट्टानं नाही म्हटलं. आज वाचनाच्या कार्यक्रमात मुलं तेवढंच ओरडतात.

पाठवण्याआधी सवय म्हणून छोटं काहीतरी लिही. हॅलोविनच्या सुमारास शंभर शब्दांच्या आत मुलांची गोष्ट लिहायची एक स्पर्धा दरवर्षी असते, त्यात काही ठरावीक शब्द घालावे लागतात. मी २०१८ मध्ये भाग घेतला, बक्षीस मिळालं नाही, पण तीनशे शब्दांत गोष्ट बसवायचा कणा तिथे तयार झाला. ‘हायलाइट्स’सारख्या मुलांच्या मासिकांकडेही कविता पाठवता येतात. मात्र हक्क कुणाकडे राहतात ते नीट वाच.

मोठ्या प्रकाशकांकडे जायचं तर बहुधा एजंट लागतो. तो तुझ्या कमाईतले पंधरा टक्के घेतो आणि वाचण्याची फी कधीच मागत नाही. छोटे प्रकाशक थेट मजकूर घेतात. माझं पुस्तक तसंच झालं: २०२० मध्ये होकार, त्यानंतर तीन वर्षांनी पुस्तक. पैशांचं स्पष्ट सांगते. साधारण रिवाज असा की जाड बांधणीच्या पुस्तकाच्या किमतीवर दहा टक्के रॉयल्टी, ती लेखक आणि चित्रकारात निम्मी निम्मी. १८.९९ डॉलरच्या पुस्तकामागे तुझ्या वाट्याला सुमारे पंच्याण्णव सेंट. आगाऊ दिलेली रक्कम त्यातून वळती होईपर्यंत पुढचं काही येत नाही. छोटे प्रकाशक छापील किमतीऐवजी हाती आलेल्या रकमेवर टक्के काढतात, म्हणजे आणखी कमी. करार ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेचे वकील सभासदांना तपासून देतात. ती वर्गणी मला एका करारातच वसूल झाली.

पैसे तू द्यायचे, असं कुणी म्हणालं तर तो प्रकाशक नव्हे. मला २०१७ मध्ये एका संस्थेचं गोड पत्र आलं होतं, कविता अप्रतिम आहे, छपाईचा थोडा भार उचला. तो ‘थोडा भार’ काही हजार डॉलर होता. नकारांनंतर कौतुकाची भूक इतकी वाढलेली असते की मी सहीपर्यंत पोचले होते. गटातल्या मैत्रिणीनं थांबवलं.

हॅलोविन निवडण्याआधी एक विचार कर. हे पुस्तक दुकानांत जुलै-ऑगस्टमध्ये पोचतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टेबलावर असतं आणि १ नोव्हेंबरला आत जातं. न विकलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत येतात. शिवाय बऱ्याच शाळा हॅलोविन साजरा करत नाहीत, त्याऐवजी सुगीचा उत्सव करतात, म्हणजे शाळांच्या भेटीही कमी. दुसरीकडे पुस्तक टिकलं तर दरवर्षी नव्यानं मागवलं जातं. मला हे आधी माहीत असतं तरी मी तेच लिहिलं असतं, पण तू माहीत असून निवड.

मराठी सोडू नकोस. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत शनिवार-रविवारी मुलांना कविता शिकव. मी आजही पहिला खर्डा मराठीत बोलून बघते, लिहीत नाही. ठेका मराठीतून येतो, शब्द इंग्रजीत शोधते.

येताना स्वतःच्या पुस्तकांपेक्षा आजीच्या तोंडच्या गोष्टी, उखाणे, बडबडगीतं फोनवर रेकॉर्ड करून आण, तिच्याच आवाजात. पोचलीस की कळव. आमच्यातली एक जण डिसेंबरमध्ये ओरेगनला जाते आहे, मंगळवारी एक खुर्ची रिकामी होईल. पहिल्या दिवशी तुझं काही आणू नकोस. आमच्यापैकी कुणाचं तरी नवं पान तुझ्या हातात देऊ, ते तू मोठ्यानं वाचायचंस.