टीएलडी चालू असताना एच. पायलोरीचा कोर्स घेता येतो का?

आपण विचारले आहे की, भावाला एचआयव्ही असून त्याला एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातून रोजची टीएलडी गोळी मिळते. पोटदुखीसाठी केलेल्या एंडोस्कोपीत आता एच. पायलोरी हा जिवाणू आढळला असून खाजगी डॉक्टरांनी १४ दिवसांचा कोर्स लिहून दिला आहे. त्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगितलेले नाही, तर तेवढे दिवस टीएलडी बंद ठेवावी का? नाही, एकही दिवस बंद ठेवू नये. मी एका एआरटी केंद्रात औषधनिर्माती आहे आणि हा प्रश्न आमच्या खिडकीवर वरचेवर येतो, पण बहुतेक वेळा गोळी बंद करून झाल्यावर येतो, म्हणून आपण आधी विचारलेत हे फार बरे झाले.

टीएलडीमध्ये टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर असते. एच. पायलोरीसाठी नेहमी दिली जाणारी पॅन्टोप्राझोल, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे तिच्यासोबत चालतात. अडचण येते ती चिठ्ठीत नसलेल्या औषधाची. पोटात जळजळ होते म्हणून लोक मेडिकलमधून डायजिन किंवा जेल्युसिलची बाटली आणतात आणि ती औषधांत धरतच नाहीत. त्यातले अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम आतड्यात डोल्युटेग्राविरला चिकटते, त्यामुळे ते रक्तात नीट शोषले जात नाही आणि गोळी वेळेवर घेऊनही विषाणूला मोकळीक मिळू शकते. म्हणून टीएलडी अशा अँटासिडच्या किमान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी.

क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू आपल्याकडे बरेच असल्यामुळे काही डॉक्टर बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चार औषधांचा कोर्स देतात. बिस्मथ हाही धातूच असल्याने तेथेही मी हेच अंतर पाळायला सांगते. दिवसातून चार वेळा बिस्मथ घेताना ते जमणार नाही असे वाटते, पण टीएलडी पहाटे ६ वाजता, बिस्मथचा पहिला डोस ८ वाजता आणि शेवटचा रात्री १० वाजता ठेवला की सगळे बसते. बिस्मथमुळे शौचाला काळे होते, ते अपेक्षितच आहे. मात्र डांबरासारखे चिकट होऊन चक्कर येत असेल तर तो रक्तस्राव असू शकतो, तेव्हा लगेच रुग्णालयात न्यावे. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य.

हे सर्व टीएलडीपुरते झाले. दुसऱ्या फळीतील, म्हणजे पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावर दिले जाणारे, अटाझानाविर शोषले जाण्यासाठी जठरात आम्ल लागते, म्हणून पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीने त्याचा परिणाम घटतो. आणि अटाझानाविरसोबत दिल्या जाणाऱ्या रिटोनाविरमुळे क्लॅरिथ्रोमायसिनचे रक्तातील प्रमाण वाढते. एकाच निदानाची एकच चिठ्ठी एका रुग्णाला चालते आणि दुसऱ्याला चालत नाही ती यामुळे. म्हणूनच भावाने त्या डॉक्टरांना एआरटीबद्दल सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची भीती मला समजते. गावात बातमी फुटण्याचा धसका घेऊन जगणारी माणसे मी रोज पाहते. पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने एचआयव्हीमुळे उपचार नाकारण्यास मनाई आहे आणि ही माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तरीही मन धजत नसेल, तर निदान चिठ्ठी आणि घरातील सगळ्या गोळ्या-बाटल्या घेऊन कोर्स सुरू करण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्रात जावे.

सीडी४ (रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची संख्या) फार कमी असेल तर पोटदुखीचे कारण एच. पायलोरीखेरीज दुसरेही असू शकते, हेही केंद्रातील डॉक्टरांना विचारावे. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेला याची खात्री करावी, आणि त्याआधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल डॉक्टरांना विचारून थांबवावे, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. रक्तातील अँटिबॉडीची चाचणी यासाठी निरुपयोगी आहे, कारण जिवाणू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

पहिला कोर्स लागू पडला नाही तर पुढच्या वेळी लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिले जाण्याची शक्यता असते. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही काम करते, त्यामुळे लपलेला क्षय तात्पुरता दबून निदान लांबते आणि त्या औषधाला न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका राहतो. भावाला खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर ते औषध सुरू होण्यापूर्वी क्षयाची तपासणी करून घ्या.