वीज गेल्यावर इलेक्ट्रिक पिकअप ट्रकवर घर चालवता येतं का? मग जनरेटर लागतो का?

चालवता येतं. बॅटरी किती तास टिकेल याची तुम्हाला जेवढी काळजी वाटतेय, तेवढी करायचं कारण नाही. मी घरांना बॅकअप बसवून देण्याचं काम करतो. माझ्या मते आधी बघायची गोष्ट ही, की ट्रकमधली वीज घराच्या वायरिंगमध्ये नेमकी कुठून शिरणार.

तरी हिशोब आधी उरकून टाकू. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक ट्रकच्या मोठ्या बॅटरीतून १३१ युनिट वीज वापरता येते, लहान बॅटरीतून ९८. भिंतीवर टांगायच्या टेस्ला पॉवरवॉल बॅटरीमध्ये १३.५ युनिट मावतात, म्हणजे जवळपास दहा पॉवरवॉल तुमच्या दारात चाकांवर उभ्या आहेत. रोज ३० युनिट जाळणारं घर धरून फोर्डने तीन दिवसांचा दावा केला होता, आणि जपून वापरलं तर दहा दिवसांचा. नुसता भागाकार केला तर चार दिवसांच्या वर येतात, पण ट्रकमधला इन्व्हर्टर बॅटरीची वीज घराला चालेल अशी करतो तेव्हा काही वीज वाया जाते, शिवाय गाडीत थोडं चार्जिंग राखूनही ठेवावं लागतं. त्यामुळे तीन दिवस हा आकडा मला प्रामाणिक वाटतो. फ्रिज दिवसाला साधारण एक-दोन युनिट घेतो, दिवे, पंखे आणि राउटर मिळून फार नाही. हिशोब बिघडवतात ते एसी, गीझर आणि इंडक्शन.

एका वेळी किती ओढता येईल, ही मर्यादा वेगळी. लाइटनिंग जास्तीत जास्त ९.६ किलोवॅट देतो, शेवरले सिल्व्हरॅडो ईव्ही १०.२ आणि टेस्ला सायबरट्रक ११.५. एवढ्यात घर आरामात चालतं. पण पाण्याचा पंप किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागतो आणि इन्व्हर्टर तिथेच हात टेकतो. पंप चालवायचा तर त्या वेळी गीझर बंद ठेवा.

आणखी एक खर्च लोकांच्या लक्षात येत नाही. ट्रक वीज देत असतो तेव्हा तो झोपलेला नसतो. त्याचा इन्व्हर्टर, कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा मोठा स्विच), कंट्रोलर, कधी कधी कूलंटचा पंपही चालू असतो. समजा यात २०० वॅट जात असतील, तर दिवसाला ४.८ युनिट, म्हणजे दोन-तीन फ्रिजइतकी वीज ट्रक स्वतःच खातो. रात्री फक्त राउटर आणि एक दिवा लागणार असेल, तर ट्रक बंद करून तेवढ्यापुरतं छोटं पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेली उचलून नेण्याजोगी बॅटरी, वापरणं शहाणपणाचं.

आता जोडणी. सर्वांत साधा मार्ग म्हणजे ट्रकच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन ओढून फ्रिज आणि दिवे थेट त्यावर लावणं. घराच्या वायरिंगशी संबंध येत नाही, आणि अनेकांना एवढं पुरतं. केबल मात्र जाड घ्या आणि गुंडाळलेली ठेवू नका, ती तापते.

काही जण याच्या पुढे जातात आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली केबल करून ट्रकची वीज घरातल्या भिंतीच्या सॉकेटमधून उलटी आत सोडतात. कृपया हे कधीही करू नका. मेन स्विच चालू राहिला, तर तीच वीज बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, त्यामुळे तुमचे दोनशे-चाळीस व्होल्ट पलीकडे हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडतात. त्या तारेवर कुणीतरी लाइनमन तुमचीच वीज परत आणायला चढलेला असतो. ‘मेन मी आठवणीने पाडतो’ हे उत्तर मला पटत नाही, कारण तुम्ही घरात नसताना दुसरं कुणी तो वर करू शकतं. वर केबल एका टोकाने उपटली, की उघडी पिन जिवंत असते. दुसरा, सुरक्षित मार्ग हा: चेंजओव्हर स्विच किंवा यांत्रिक इंटरलॉक बसवून घ्या, म्हणजे दोन्ही पुरवठे एकदम चालू होणं रचनेतच अशक्य होतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे.

त्याला न्यूट्रलबद्दल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेबद्दल, मुद्दाम विचारा. पुष्कळ ट्रकांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले असतात, घराच्या बोर्डातही ते कुठेतरी जोडलेले असतात. चेंजओव्हर फक्त फेज बदलत असेल, तर परतीचा करंट दोन वाटांनी वाटला जातो, आणि ट्रकचं गळती-संरक्षण (करंट गळतोय असं दिसताच वीज तोडणारी सोय) लगेच ट्रिप होतं. लोकांना वाटतं ट्रक बिघडला. न्यूट्रलही बदलणारा स्विच लावला की हा त्रास बहुतेक वेळा मिटतो. गळती-संरक्षण काढून टाकणं हा उपाय नव्हे.

तिसरा मार्ग दुतर्फा चार्जरचा. यात चार्जिंगच्या केबलमधूनच वीज उलटी घरात येते, आणि वीज गेली की यंत्रणा घराला ग्रिडपासून, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्यापासून, आपोआप तोडते. सोयीची, पण महाग, आणि ठरावीक ट्रकशीच जुळणारी. दोन गोष्टी आधीच विचारा. बदल व्हायला किती वेळ लागतो? कारण मधल्या खंडात कॉम्प्युटर बंद पडतो, त्याला वेगळा यूपीएस हवाच. आणि ग्रिड पूर्ण मेलेली असताना यंत्रणा स्वतः जागी कशावर होते? छपरावर सोलर असेल तर हेही लक्षात घ्या, की साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच बंद पडतो, आणि ट्रक आहे म्हणून तो सुरू राहील असं नाही.

बॅटरी झिजेल ही भीती सोडून द्या. हायवेवर ट्रक पंचवीस-तीस किलोवॅट सहज ओढतो, तुमचं घर सरासरी एक-दीड. वॉरंटीची अट मात्र वाचा, काही कंपन्या गाडीवर घर चालवायला मनाई करतात.

जनरेटरचं म्हणाल, तर काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंतच्या खंडासाठी मी ट्रकच निवडेन. धूर नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावण्याचा धोका नाही, आणि रात्रभर कानाशी घरघर नाही. शिवाय जवळच्या गावात वीज असेल, तर ट्रक तिथे जाऊन शंभर युनिट भरून आणतो. अर्थात तो गेला की घर अंधारात, आणि चार्जिंग स्टेशनपर्यंत पोचण्याइतकी बॅटरी आधीच राखून ठेवावी लागते. आठवडाभर वीज न येणारी जागा असेल, किंवा घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर कुणी असेल, तर असलेला जनरेटर विकू नका, आणि त्या यंत्राला स्वतंत्र बॅटरी बॅकअप द्या.