मुलाच्या विज्ञानाच्या बाई पुस्तकाबाहेरचं फार शिकवतात. विषयाच्या अशा वेडाने मुलं खरंच घडतात, की पोर्शन मागे पडतो? शाळेत तक्रार करावी का?

तक्रार करू नका. आमच्या मामांनी केली होती, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आमचे भूगोलाचे सर दगडवेडे. नववीत असताना शाळेमागच्या मळ्यात विहीर खणत होते, तर सरांनी अख्खा वर्ग तिकडे नेला. यारीने वर काढलेला माल बांधावर पडला होता. मळेवाले म्हणाले, वर मुरूम गेला, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक, लागला, आता खाली काळा पाषाण. सरांनी काठावरूनच बोट दाखवलं : तो लाल पट्टा बघा. एक लाव्हा थंड झाला, त्याची वरची बाजू झिजून माती झाली आणि त्यावर पुढचा लाव्हा येऊन पडला. मांजऱ्यातली भोकं म्हणजे लाव्हातले वायूचे बुडबुडे. नंतर झिरपलेल्या पाण्यातून त्यांत स्फटिक जमले. मग पँट वर दुमडून सर त्या ढिगातच बसले आणि एक गोळा फोडला. आत मोत्यासारखी झाक असलेलं पांढरंशुभ्र स्टिल्बाइट नावाचं खनिज. खडक साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हे आत्ता पहिल्यांदा उजेडात येतंय म्हणाले. एकाने विचारलं, विकलं तर किती येतील? सर इतके हसले की मळेवालेही हसायला लागले.

पुढच्याच पालकसभेत मामा उठले. "पोर्शन राहिलाय आणि विहिरी कसल्या दाखवता?" सरांना वरून समज मिळाली, बाहेर जाणं बंद. आजही कुठल्या लग्नात भेटले की मामा ऐकवतात, शेवटी बँकेतच चिकटलास ना, दगडांचा काय उपयोग झाला?

मी भूशास्त्रज्ञ झालो नाही, कबूल. पण घाटात रस्त्यासाठी कापलेला डोंगर दिसला की माझी नजर आपोआप थर मोजायला लागते. मामांनी बोअर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं होतं, शेजारच्या विहिरीत खाली अखंड पाषाण आहे, पाणी यायला भेग दिसत नाही, आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारा. त्यांनी नारळवाला, म्हणजे तळहातावरच्या नारळावरून पाणी सांगणारा, आणला. बोअरमधून नुसता फुफाटा निघाला.

आता खरं तेही सांगतो. आमचा निम्मा वर्ग विहिरीवर फक्त तास बुडाला म्हणून खूश होता. लोकसंख्येचा धडा सरांनी एका तासात उरकला, कारण त्यात दगड नव्हते. बेसाल्टात, म्हणजे आपल्या या काळ्या पाषाणात, पाण्याची खात्री तज्ज्ञही देत नाहीत, त्यामुळे माझा अंदाज बरोबर निघाला त्यात थोडं नशीबही असेल. मार्कांची एवढीच काळजी असेल तर गाइड आणून द्या, बाईंना त्यात ओढू नका. जमलं तर सुट्टीत मुलाला सिन्नरचं गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय दाखवा.

आणि मामा, हे वाचत असाल तर सांगा, नारळवाल्याने पैसे परत दिले का?