व्हीएस कोन्याक घसा जाळतं, म्हणजे बाटली नकली का?

तुमचा प्रश्न असा: भावाने दुबईच्या ड्युटी फ्रीमधून फ्रेंच कोन्याक (कोन्याक गावाच्या परिसरातली द्राक्षाच्या वाइनची ब्रँडी) आणलं, लेबलवर व्हीएस लिहिलंय, पाणी न घालता प्यायल्यावर घसा जळतो आणि नेहमीच्या ब्रँडीइतकं गोडही लागत नाही, तर माल नकली आहे का? बाटली न बघता छातीठोकपणे कोण सांगणार? पण नुसत्या या दोन लक्षणांवरून मी तिला नकली म्हणणार नाही. व्हीएस, म्हणजे कोन्याकचा सगळ्यात कोवळा दर्जा, असाच असतो.

मी फ्रान्समध्ये अँगुलेमला दोन वर्षं शिकायला होतो. शारांत नदीच्या काठचं कोन्याक गाव तिथून रेल्वेने तासाभराच्या आत येतं. एका जानेवारीत वर्गमित्राच्या मामाच्या भट्टीवर एक रात्र काढली, त्या जोरावर हे लिहितोय.

आधी त्यांनी मला वाइन चाखायला दिली. साखर घालायला विसरलेलं पन्हं प्यावं तसा चेहरा झाला माझा. द्राक्षाची जात उन्यी ब्लाँ. कोन्याकचे जवळपास सगळे मळे हिचेच. वाइनमध्ये अल्कोहोल जेमतेम नऊ टक्के आणि आंबटपणा भरपूर. प्यायला बेकार, पण भट्टीला हीच हवी. ऊर्ध्वपातनात गंधकाचा वास दाट होऊन बसतो म्हणून या वाइनमध्ये गंधक घालत नाहीत, आणि गंधकाशिवाय तिला हिवाळाभर टिकवतो तो हा आंबटपणाच. शिवाय अल्कोहोल कमी म्हणजे एक लिटर दारूसाठी वाइन जास्त आटवावी लागते, साधारण नऊ-दहा लिटर, आणि तेवढ्या वाइनचा सुवास त्या एका लिटरात उतरतो.

भट्टी तांब्याची, वर कांद्याच्या आकाराचं डोकं, तिथून हंसाच्या मानेसारखी वळलेली नळी, खाली गॅसचा उघडा जाळ. थेट जाळावरच तापवायचं, असा नियम आहे. वाइन दोनदा चढवतात. पहिल्या खेपेला तीसेक टक्क्यांचं गढूळसर पाणी निघतं, त्याला ब्रुयी म्हणतात. गोव्यात काजूचा उर्राक प्यायला असाल तर तुम्हाला ही पायरी लगेच कळेल: उर्राक पुन्हा चढवला की फेणी, ब्रुयी पुन्हा चढवली की कोन्याक.

दुसऱ्या खेपेला मात्र एक गंमत आहे. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे केवढी शिफारस! इथे पहिली धार बाजूला काढतात, कारण तिच्यात उग्र वासाची, चटकन उडणारी द्रव्यं असतात. शेवटची धारही वेगळी, ती उकडलेल्या भाजीसारखी वास मारते. मधलं काळीज तेवढं ठेवायचं, सत्तर टक्क्यांच्या आसपासचं आणि पाण्यासारखं स्वच्छ. धार कधी तोडायची हे मोजणीच्या नळीवर दिसतं, पण मामा नाकावर जास्त भरवसा ठेवत होते. कोपऱ्यात त्यांची खाट, उशाशी गजराचं घड्याळ, कारण दुसरी खेप बारा-बारा तास चालते. पहाटे तीनला त्यांनी माझ्या तळहातावर चार थेंब टाकले आणि हात चोळायला सांगितलं. आधी नाकात झणका बसला. तो उडाल्यावर पिकलेलं नाशपती, आणि हात पार कोरडे झाल्यावर ओल्या कणकेचा वास.

तुमच्या बाटलीत तेच नाशपती आहे, फक्त त्यावर ओक लाकडाच्या पिंपात किमान दोन वर्षं राहून व्हॅनिलाचा वास चढलाय. व्हीएस म्हणजे व्हेरी स्पेशल. अक्षरं इंग्रजी, कारण मोठं गिऱ्हाईक इंग्लंडचं होतं. आजही जवळपास सगळं कोन्याक फ्रान्सबाहेरच खपतं. व्हीएसमधली सगळ्यात कोवळी दारूसुद्धा पिंपात किमान दोन वर्षं राहिलेली असावी लागते. त्यावरचे जुने दर्जे म्हणजे व्हीएसओपी आणि एक्सओ: व्हीएसओपीला चार, एक्सओला 2018 पासून दहा (आधी सहा पुरत). वय 1 एप्रिलपासून मोजतात, कारण हंगामाची भट्टी 31 मार्चला बंद व्हायलाच हवी. म्हणजे 2023 च्या सप्टेंबरात तोडलेली द्राक्षं 1 एप्रिल 2026 ला व्हीएस म्हणून विकता येतात.

दोन वर्षांत लाकूड रंग देतं, थोडा तुरटपणा देतं, पण जाळ पुरता मावळत नाही. त्याला जास्त वर्षं लागतात, आणि दरवर्षी पिंपातला काही भाग उडूनही जातो. याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. त्या वाफेवर जगणारी काळी बुरशी गोदामांच्या भिंतींवर चढते. गावात फिरताना मला आधी वाटलं, कधीतरी मोठी आग लागून गेली असावी इथे. आणि हो, गडद रंग बघून वय ओळखायला जाऊ नका. रंग एकसारखा दिसावा म्हणून कॅरॅमल घालायची कायद्याने मुभा आहे.

नेहमीची ब्रँडी गोड का लागते? आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ब्रँडीत मुख्य माल उसाच्या मळीचा स्पिरिट असतो. त्याला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून वरून रंग आणि स्वाद देतात. त्या सवयीच्या जिभेला व्हीएस खरखरीत वाटणारच.

माझं मत विचाराल तर एक्सओमध्ये पिंप आणि वर्षं जास्त बोलतात, द्राक्ष आणि भट्टी ओळखायची तर व्हीएस बरं. फक्त फुग्यासारख्या ग्लासात घालून तळहाताने ऊब देत बसू नका, त्याने अल्कोहोलच आधी नाकात शिरतं. उंच ग्लास, भरपूर बर्फ, एक भाग कोन्याक, तीन भाग जिंजर एल किंवा टॉनिक, वर लिंबाची साल. नुसतंच प्यायचं तर चमचाभर गार पाणी घालून पाच मिनिटं थांबा, मग नाशपती सापडतं का बघा. बूच लाकडाचं असेल तर बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवलीत तर चाळीस टक्क्यांची दारू बूच खाते आणि चव बिघडते, मग भावाला दोष देऊ नका.