वाचकांचे प्रश्न : मुधोळच्या कुत्र्याला घरचं काय घालायचं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही अथणीकडचे, मळ्यातच घर हाय, द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. आमचा मुधोळ २ वर्षांचा झाला, वजन २२ किलो, आतापर्यंत सकाळ-संध्याकाळ शाळूची भाकरी आणि दूध घालत आलो, रविवारी मटणाचा रस्सा आणि हाडं. पण येणारा-जाणारा म्हणतोय, बरगड्या दिसतात की ओ, उपाशी ठेवता काय. पाकिटातलं खाणं दर महिन्याला परवडत नाही. घरीच नीट करून घालायचं तर कसं?

उत्तर : भाऊ, मुधोळ ही पळणारी जात, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं, पोट आत ओढलेलं असणं ही त्याची ठेवणच आहे. लोकांच्या बोलण्यावरून भाकऱ्या वाढवू नका. कमरेची हाडं टोकदार वर आली, मांडीचं मांस उतरलं तर मात्र दाखवायला आणा.

मला खरी काळजी वाटली ती शेडची. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत, किडनी निकामी होते, आणि किती खाल्ल्यावर होईल ते सांगता येत नाही, एखाद्याला काहीच होत नाही आणि दुसरं थोडक्यात जातं. बेदाण्यातलं पाणी उडालेलं असतं म्हणून तो जास्तच वाईट. रॅकखाली सांडलेलं रोज झाडून घ्या, त्याला शेडमध्ये सोडूच नका आणि खाल्लेलं कळलं तर उलटी-बिलटी व्हायची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे पळा. बेदाणे घातलेल्या करदंटाचा (सुक्यामेव्याची मिठाई) तुकडासुद्धा नको.

आता खाणं. भाकरी वाईट नाही, पण नुसत्या दूध-भाकरीत प्रोटीन कमी पडतं आणि मोठ्या कुत्र्याला दुधाने बऱ्याचदा जुलाब होतात. रस्सा बंदच करा, कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवून पण फोडतात. शिजलेलं हाड फुटून टोकं होतात, ती आतड्यात रुततात. म्हणून मसाला घालायच्या आधीच त्याचं वेगळं काढायचं, नाहीतर सरळ वेगळं पातेलं.

२२ किलोच्या, रोज पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ११०० ते १३०० कॅलरी लागतात. त्यात ४०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन (कच्चं वजन), १८० ग्रॅम तांदूळ किंवा तेवढ्याच पिठाच्या भाकऱ्या, मूठभर गाजर-बीन्स-भोपळा आणि चमचाभर तेल, हे शिजवून दोन वेळा वाटून घाला. मीठ नको. आणि कॅल्शियम विसरू नका, मांसात फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम जवळजवळ नाहीच, मग शरीर ते हाडातून ओढतं. अंड्याची टरफलं उकळून, कडक वाळवून मिक्सरला एकदम बारीक करा, दिवसाला साधारण पाऊण छोटा चमचा.

तरी एवढ्यावर भागत नाही, झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई घरच्या खाण्यात कमीच पडतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती रेसिपी तपासल्या तर ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी गरजेचा घटक कमी निघाला. तेव्हा कुत्र्यासाठीचं सप्लिमेंट डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोठ्यातलं मिनरल मिक्श्चर घालू नका हं, त्याचं प्रमाण म्हशीच्या हिशोबाचं असतं. बदल एकदम नको, आठवडा-दहा दिवसात जुनं कमी करत नवं वाढवा, दर महिन्याला वजन करा. आणि पिल्लू असेल तर हे माप अजिबात लावू नका, वाढत्या हाडांना कॅल्शियम कमी काय आणि जास्त काय, दोन्ही वाईट.

प्रश्न : आम्ही जैन, निपाणीला राहतो, घरात अंडंसुद्धा येत नाही. कुत्री सांभाळायची म्हणजे अवघड काय?

उत्तर : ताई, अवघड नाही. मांजराचं मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचं भागू शकतं. पण पनीर, दही, डाळ-भात यावर स्वतःच्या अंदाजाने चालवू नका, बिनमांसाचं खाणं घरी बॅलन्स करणं सगळ्यात कठीण. तुमच्या बाबतीत मी पाकिटातलं पूर्ण शाकाहारी डॉग फूडच सुचवेन, पाकिटावर 'संपूर्ण आहार' असल्याचं बघून घ्या, वर घरचं दही-भाकरी दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या.